हिशेब कुठे जुळतो? गुरुत्वाकर्षणातल्या अक्षय्य राशी आणि विकेंद्रित क्युरेशनचा मोबदला : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे दोन विषय एकाच पानावर कसे आले?

भौतिकशास्त्रावर लिहिणाऱ्या आणि वाचणाऱ्या बऱ्याच जणांचा ब्लॉकचेनवरच्या (अनेक संगणकांवर मिळून ठेवलेल्या उघड नोंदवहीवरच्या) अशा व्यवस्थांशी संबंध आला, जिथे लेखाला मत दिलं की लेखकाला आणि मत देणाऱ्यालाही टोकन, म्हणजे डिजिटल नाणी, मिळतात. यालाच इथे विकेंद्रित क्युरेशन म्हटलंय. माझाही आला. तिथे सापेक्षतेतल्या ऊर्जेवर लिहिलं की खाली निम्मे प्रश्न ऊर्जेचे आणि निम्मे "या लेखाला एवढेच टोकन का?" असे यायचे. उत्तरं देताना लक्षात आलं की दोन्हीकडे घोळ एकाच जागी होतो. एकूण किती, हे नीट सांगता येतं. त्यातलं नेमकं कुठे किंवा कुणाचं किती, हे विचारलं की नियमपुस्तक बघावं लागतं, आणि कधीकधी उत्तरच नसतं. ज्यांना फक्त टोकनांत रस आहे त्यांनी पहिला अर्धा भाग खुशाल सोडावा.

अक्षय्य राशी म्हणजे नेमकं काय?

काळ पुढे सरकला, वस्तू हलल्या, आदळल्या, तरी जिची किंमत बदलत नाही अशी राशी. ऊर्जा, संवेग, कोनीय संवेग ही शाळेपासून ओळखीची नावं. ग्रह सूर्याजवळ आला की वेगाने पळतो आणि लांब गेला की रेंगाळतो. केप्लरचा हा दुसरा नियम म्हणजे कोनीय संवेगाची अक्षय्यताच, फक्त ते नाव मिळण्याच्या आधीची.

न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणात अशा राशी किती?

कितीही वस्तू एकमेकींना ओढत असल्या तरी दहा. ऊर्जेची एक, संवेगाच्या तीन, कोनीय संवेगाच्या तीन आणि वस्तुमानकेंद्राच्या सरळ चालीच्या तीन. तीन वस्तूंच्या प्रश्नात यांपलीकडे बीजगणिती स्वरूपाची नवी राशी सापडणार नाही, हे ब्रुन्स यांनी १८८७ साली दाखवलं. तीन वस्तूंचा प्रश्न इतका हट्टी का, त्याचं मूळ इथे आहे.

दोनच वस्तू असतील तर मात्र एक जादा देणगी मिळते. लाप्लास, रुंगे आणि लेंझ यांच्या नावाने ओळखला जाणारा एक सदिश सूर्याकडून उपसूर्यबिंदूच्या (कक्षेतल्या सूर्याच्या सर्वांत जवळच्या बिंदूच्या) दिशेने रोखलेला असतो आणि तो हलत नाही. तो हलत नाही म्हणून लंबवर्तुळ दर फेरीला त्याच जागी बंद होतं. बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात आहे, एवढ्याच भांडवलावर ही देणगी टिकून आहे. बल किंचित बदललं की सदिश फिरू लागतो. इतर ग्रहांची ओढ वजा केल्यावरही बुधाचा उपसूर्यबिंदू शतकाला ४३ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) पुढे सरकतो आणि आइन्स्टाइनचा सिद्धांत नेमका तेवढाच आकडा देतो. तुटलेली अक्षय्यताही किती बोलकी असू शकते, याचं हे माझं सर्वांत आवडतं उदाहरण.

नोदर यांनी काय सिद्ध केलं?

गणितज्ञ एमी नोदर यांना हिल्बर्ट आणि क्लाइन या गणितज्ञांनी १९१५ साली जर्मनीतल्या ग्योटिंगेनला बोलावून घेतलं. आइन्स्टाइनच्या नव्या सिद्धांतात ऊर्जेचं समीकरण काहीतरी विचित्र वागतंय, हे त्या दोघांना जाणवत होतं. नोदर यांचा प्रबंध जुलै १९१८ मध्ये तिथल्या विज्ञानसंस्थेपुढे क्लाइन यांनी मांडला, कारण नोदर त्या संस्थेच्या सदस्य नव्हत्या. विद्यापीठात स्वतःच्या नावाने शिकवण्याची परवानगीही त्यांना तोवर नव्हती. त्यांची व्याख्यानं हिल्बर्ट यांच्या नावावर जाहीर होत.

प्रबंधात दोन प्रमेयं आहेत आणि पाठ्यपुस्तकं बहुधा पहिल्यावरच थांबतात. नियम आज जसे तसेच उद्या असतील तर ऊर्जा अक्षय्य. इथे जसे तसेच तिथे असतील तर संवेग अक्षय्य. दिशा बदलून काही बिघडत नसेल तर कोनीय संवेग अक्षय्य. म्हणजे प्रत्येक सलग सममितीमागे (सलग बदल करूनही नियम तसेच राहण्यामागे) एक अक्षय्य राशी.

दुसरं प्रमेय गुरुत्वाकर्षणाच्या कामाचं. सममिती जर प्रत्येक बिंदूवर वेगवेगळी वापरण्याइतकी मोकळी असेल, तर तिच्यातून नवी अक्षय्य राशी मिळत नाही. मिळतं ते समीकरणांमधलंच एक आपसूक खरं असणारं नातं. व्यापक सापेक्षतेत, म्हणजे आइन्स्टाइनच्या गुरुत्वाच्या सिद्धांतात, निर्देशांक (जागा आणि वेळ दाखवणारे आकडे) कुठेही, कसेही वाकवता येतात, म्हणजे सममिती नेमकी या जातीची. त्यामुळे तिथे "ऊर्जा अक्षय्य आहे" हे विधान पोकळ तरी होतं किंवा त्याला काही अटी जोडाव्या लागतात. हिल्बर्ट यांना जे खटकत होतं ते हेच.

मग व्यापक सापेक्षतेत ऊर्जा अक्षय्य नसते का?

एका ओळीत "असते" किंवा "नसते" म्हणणाऱ्या दोघांवरही विश्वास ठेवू नका.

अगदी लहान भागात, लहान वेळात पदार्थाची ऊर्जा आणि संवेग यांचा ताळा बसतो. हे सिद्धांताच्या समीकरणांतच बांधलेलं आहे. मात्र लहान लहान तुकड्यांतल्या ऊर्जा जोडून मोठ्या प्रदेशाची एकूण काढायची, तर वेगवेगळ्या ठिकाणचे सदिश एकत्र बेरजेला घ्यावे लागतात. वक्र अवकाशकालात (अवकाश आणि काळ मिळून होणाऱ्या चौकटीत) ते करण्याची एकमेव अशी रीत नाही.

अवकाशकालाला स्वतःची सममिती असेल तर वाट निघते. अशा सममितीच्या दिशेला किलिंग सदिश म्हणतात. पूर्ण सपाट अवकाशकालात दहा किलिंग सदिश असतात, न फिरणाऱ्या गोल ताऱ्याबाहेर चार आणि फिरणाऱ्या कृष्णविवराभोवती दोनच. जितके सदिश, तितक्या मुक्तपणे पडणाऱ्या कणाच्या अक्षय्य राशी. आपल्या आजूबाजूचं खरं विश्व, जिथे सगळंच हलतंय, तिथे काटेकोरपणे पाहिलं तर एकही नाही.

विश्व प्रसरण पावताना प्रकाशाची ऊर्जा कमी होते. ती जाते कुठे?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच आणि याच्या उत्तरावर लोक सर्वाधिक नाराज होतात.

वैश्विक सूक्ष्मलहरींचं पार्श्वप्रारण सुटलं तेव्हा विश्वाचं तापमान सुमारे ३००० केल्व्हिन होतं. आज आपल्याला ते २.७२५ केल्व्हिनचं दिसतं. वाटेत प्रत्येक फोटॉनची ऊर्जा सुमारे ११०० पटींनी घटली. फोटॉन नाहीसे झाले नाहीत, कुणी ते शोषले नाहीत, तरी बेरीज घटली. ती कुठेही गेली नाही. ऊर्जा अक्षय्य राहण्यासाठी काळाची सममिती लागते, आणि प्रसरण पावणाऱ्या विश्वात काल आणि आज सारखे नाहीत. जो नियम तिथे लागूच होत नाही, तो मोडला असं म्हणता येत नाही.

काही जण म्हणतात, प्रकाशाने प्रसरणासाठी काम केलं आणि त्यात ऊर्जा खर्ची पडली. दट्ट्या ढकलणाऱ्या वायूचं हे चित्र समीकरण लक्षात ठेवायला बरं आहे. फक्त विश्वाला बाहेरची बाजू नाही, त्यामुळे ढकलायला दट्ट्याही नाही. कृष्णऊर्जेचं, म्हणजे प्रसरणाला वेग देणाऱ्या अनोळखी ऊर्जेचं, तर उलटंच. तिची घनता स्थिर धरली तर आकारमान वाढलं की एकूणही वाढत जातं. तेही कुणाच्या खात्यातून वळतं होत नाही.

गुरुत्वाकर्षणाची ऊर्जाही धरली तर बेरीज शून्य येते, हे खरं आहे का?

तशी मांडणी करता येते, पण त्यासाठी अमुक बिंदूवर गुरुत्वाची इतकी ऊर्जा असं म्हणता यावं लागतं, आणि तिथेच अडतं. दोरी तुटलेल्या लिफ्टमधल्या माणसाला गुरुत्व जाणवत नाही. कोणत्याही बिंदूवर असा मुक्त पडणारा निरीक्षक कल्पिता येतो आणि त्याच्यापुरतं तिथलं क्षेत्र शून्य होतं. जे नुसत्या दृष्टिकोनाने घालवता येतं, त्याची त्या बिंदूवरची ऊर्जा ठामपणे कशी सांगणार?

आइन्स्टाइन यांनी यासाठी एक छद्मप्रदिश (निर्देशांक बदलले की बदलणारी, ऊर्जा सांगणारी आकड्यांची मांडणी) सुचवला होता. १९१८ साली श्र्योडिंगर यांनी दाखवलं की निर्देशांक हुशारीने निवडले तर ताऱ्याबाहेर सगळीकडे तो शून्य होतो. त्याच वर्षी बाउअर यांनी दाखवलं की संपूर्ण रिकाम्या, सपाट अवकाशात नुसते गोलीय निर्देशांक घेतले तरी तो शून्य राहत नाही. क्षेत्र असताना ऊर्जा नाही आणि क्षेत्र नसताना आहे! आइन्स्टाइन यांनी तरीही तो सोडला नाही, कारण दूर सपाट होत जाणाऱ्या अवकाशकालात एकूण बेरीज त्यातून बरोबर येत होती. मला वाटतं त्यांचा अंदाज योग्य होता. तुकड्यांना अर्थ नसला तरी बेरजेला असू शकतो.

बेरीज मग घ्यायची कुठे?

सीमेवर. न्यूटनच्या सिद्धांतातही एखाद्या वस्तूभोवती मोठा गोल कल्पून त्या पृष्ठभागावरची ओढ मोजली की आतलं एकूण वस्तुमान कळतं. आत ते कसं पसरलंय, हे बघायची गरज नाही. आर्नोविट, डेझर आणि मिस्नर यांनी १९५९ ते १९६२ या काळात हीच कल्पना व्यापक सापेक्षतेत नेली. सगळ्या गडबडीपासून फार दूर जा, जिथे अवकाश जवळजवळ सपाट आहे. तिथे ते सपाटपणापासून किती ढळलंय, यावरून एकूण वस्तुमान काढा. तिघांच्या आद्याक्षरांवरून याला एडीएम वस्तुमान म्हणतात.

१९६२ मध्ये बाँडी आणि सहकाऱ्यांनी दुसरी जागा निवडली. तेही दूर गेले, पण बाहेर जाणाऱ्या प्रकाशाबरोबर. तिथे मोजलेलं वस्तुमान काळागणिक कमी होऊ शकतं, कधीच वाढत नाही, आणि जेवढं कमी होतं तेवढी ऊर्जा गुरुत्वीय लहरींनी, म्हणजे अवकाशकालातल्या तरंगांनी, नेलेली असते.

दोन्हींतला फरक १४ सप्टेंबर २०१५ च्या उदाहरणातून चांगला उमगतो. त्या दिवशी लायगो वेधशाळेने टिपलेल्या लहरी सुमारे ३६ आणि २९ सूर्यांच्या वस्तुमानाची दोन कृष्णविवरं एकत्र आल्याच्या होत्या. उरलं ते साधारण ६२ सूर्यांचं. सुमारे ३ सूर्यांएवढी ऊर्जा लहरींतून गेली. एडीएमच्या मापात काहीच बदललं नाही, कारण निघालेल्या लहरीही त्या मोजमापाच्या आतच आहेत. बाँडी यांच्या मापात ती घट दिसते. ऊर्जा हरवली की नाही, याचं उत्तर तुम्ही कोणत्या सीमेवर उभे आहात त्यावर ठरतं.

जाता जाता एक गोष्ट. गणितज्ञ वि. वा. नारळीकरांबरोबर बनारसला काम करणाऱ्या प्रल्हाद चुनीलाल वैद्य यांनी १९४३ सालीच प्रारण फेकणाऱ्या ताऱ्याबाहेरचं अवकाशकाल लिहून ठेवलं होतं. त्यात ताऱ्याचं वस्तुमान स्थिर आकडा न राहता, बाहेर जाणाऱ्या प्रकाशासोबत घटत जातं. बाँडी यांच्या व्याख्येला जे लागतं त्याचं तयार उदाहरण जवळपास दोन दशकं आधी कागदावर होतं.

गुरुत्वीय लहरी खरंच ऊर्जा वाहतात का?

हो. १९५७ सालच्या अमेरिकेतल्या चॅपेल हिल परिषदेत भौतिकशास्त्रज्ञ फाइनमन यांनी युक्तिवाद मांडला की काठीवर घासत सरकणारे मणी ठेवा, लहर आली की ते हलतील, घर्षणाने काठी तापेल. उष्णता कुठूनतरी आलीच ना. पुढे १९७४ साली सापडलेल्या हल्स आणि टेलर यांच्या जोडताऱ्याने पुरावाही दिला. त्यातल्या दोन ताऱ्यांची ७.७५ तासांची फेरी दर वर्षी सुमारे ७६ मायक्रोसेकंदांनी आखडते, लहरींमुळे जेवढी आखडायला हवी तेवढीच.

एकूण वस्तुमान ऋण येऊ शकतं का?

पदार्थाची ऊर्जा सरळ वागत असेल तर नाही. शोएन आणि याउ यांनी १९७९ साली हे सिद्ध केलं आणि विटन यांनी १९८१ साली अगदी वेगळ्या वाटेने. ऋण येत असतं तर रिकामं अवकाशच स्थिर राहिलं नसतं.

कार्टर स्थिरांक म्हणजे काय?

फिरणाऱ्या कृष्णविवराभोवती दोनच उघड सममिती आहेत. कणाची कक्षा पूर्ण सोडवायला चार अक्षय्य राशी लागतात. कणाचं वस्तुमान, ऊर्जा आणि कोनीय संवेग मिळून तीन झाल्या. चौथी नसावी असंच वाटत होतं. १९६८ साली ब्रँडन कार्टर यांना ती समीकरणं सोडवताना सापडली, आणि तिच्यामागची सममिती डोळ्यांना दिसणाऱ्या कोणत्याही फिरवण्या-सरकवण्याशी जुळत नाही. ती किलिंग प्रदिशात, म्हणजे किलिंग सदिशाच्याच अधिक गुंतागुंतीच्या भावंडात, दडलेली आहे.

आता दुसरा विषय. विकेंद्रित क्युरेशनमध्ये मोबदला येतो कुठून?

क्युरेशन म्हणजे पारख. ढिगातून चांगलं वर आणण्याचं काम. विकेंद्रित म्हणजे ते काम एखाद्या संपादकाकडे किंवा कंपनीच्या अल्गोरिदमकडे न देता सगळ्या टोकनधारकांच्या मतांवर सोडायचं आणि मतांचा हिशेब ब्लॉकचेनवर उघड ठेवायचा.

स्टीम हे याचं सर्वांत मोठ्या प्रमाणावर चाललेलं उदाहरण. मार्च २०१६ मध्ये साखळी (म्हणजे ब्लॉकचेन) सुरू झाली, ४ जुलै २०१६ ला पहिला मोबदला वाटला गेला. दर ३ सेकंदांना एक ब्लॉक (नोंदींचा एक गठ्ठा) आणि ठरलेल्या दराने नवे टोकन. २०१६ च्या अखेरीस हा दर वर्षाला सुमारे साडेनऊ टक्के ठरला, तो हळूहळू उतरत ०.९५ टक्क्यांवर थांबायचा. नव्या टोकनांतला मोठा वाटा रिवॉर्ड पूलमध्ये (मोबदल्याच्या सामायिक साठ्यात) जातो आणि मतांच्या प्रमाणात लेखांना वाटला जातो. ज्याने जितके जास्त टोकन अडकवून ठेवलेले, त्याच्या मताला तेवढं जास्त वजन.

वाचकाच्या खिशातून काही जात नाही, म्हणून "फुकटचे पैसे" असा समज होतो. खरं तर प्रत्येक नवा टोकन जुन्या टोकनांचा वाटा तेवढा पातळ करतो. किंमत सगळे धारक मिळून मोजतात, त्यांना ती जाणवत नाही एवढंच.

डाउनव्होट देणारा माझे टोकन घेतो का?

नाही. डाउनव्होट म्हणजे लेखाचं वजन घटवणारं मत, अपव्होट म्हणजे वाढवणारं. पूल ठरलेला आहे. तुमच्या लेखाचं वजन घटलं की तेवढा मोबदला त्या वेळच्या बाकी सगळ्या लेखांमध्ये पसरतो. पूलपुरती ही काटेकोर अक्षय्यता आहे, आणि अपव्होटचंही तसंच. एकाला मत देणं म्हणजे बाकी सगळ्यांचा वाटा किंचित कापणं. अपव्होट देताना हे कुणी मनात आणत नाही. डाउनव्होट मिळाला की मात्र सगळ्यांना आठवतं!

अडचण दुसरीच आहे. समजा, रद्दी लेखाकडून तुम्ही १० टोकन सोडवले आणि पूलमध्ये तुमचा वाटा १ टक्का आहे. तुमच्याकडे परत येतात ०.१ टोकन, आणि वर शत्रुत्व. पूर्वी डाउनव्होटला तीच मतशक्ती (मत दिलं की घटणारी आणि हळूहळू भरून येणारी) लागायची जी अपव्होटला लागते, म्हणजे रद्दी साफ करणारा स्वतःची कमाई सोडून देत होता. ऑगस्ट २०१९ च्या हार्डफोर्कमध्ये (साखळीचे नियम बदलणाऱ्या सुधारणेत) डाउनव्होटसाठी वेगळी शक्ती दिली, मुख्य शक्तीच्या चौथ्या हिश्श्याएवढी. खर्च गेला. शत्रुत्व राहिलं.

मतांचं वजन वर्गाने मोजायचं की सरळ?

माझ्या मते या विषयातला सर्वांत शिकण्यासारखा भाग हाच आहे.

सुरुवातीला स्टीमवर लेखाचा वाटा त्याच्या मतांच्या वर्गाच्या प्रमाणात होता. एका लेखावर १०० वजनाची मतं आणि दहा लेखांवर प्रत्येकी १० असं धरा. दोन्हीकडचं एकूण वजन १००. वर्ग केला की पहिल्याला १०,००० आणि दहा लेखांना मिळून १,०००. पूलमधले जवळपास ९१ टक्के एकाच लेखाला. गर्दी जिकडे, पैसा तिकडे. विखुरलेले लहान मतदार जवळजवळ शून्य.

वर्गाऐवजी वर्गमूळ घेतलं तर उलटा रोग होतो. १०० चं वर्गमूळ १०, आणि दहा लेखांचं मिळून सुमारे ३१.६. म्हणजे एकाच माणसाने दहा खाती उघडून दहा फुटकळ लेख टाकले की त्याची कमाई तिपटीने वाढली.

इथे नोदर यांच्या पद्धतीने विचार करून बघा. खाती कितीही फोडली किंवा जोडली तरी कुणाची कमाई बदलू नये, ही सममिती तुम्हाला हवी आहे. मग वजनावरून वाटा काढण्याचा नियम असा हवा की दोन वजनांच्या बेरजेचा वाटा म्हणजे त्या दोघांच्या वाट्यांची बेरीज. ही अट पाळणारा नीट वागणारा नियम एकच, सरळ रेषा. जून २०१७ च्या हार्डफोर्कमध्ये स्टीमने तीच स्वीकारली.

मग प्रश्न सुटला का?

दुसरा उभा राहिला. सरळ रेषेत तुमचं मत कुठेही पडलं तरी पूलमधून तेवढीच रक्कम ओढतं, मग ते स्वतःच्या लेखावर का टाकू नये? पूर्ण ताकदीचं एक मत शक्तीतले २ टक्के खर्च करतं आणि दिवसाला २० टक्के भरून येतात, म्हणजे रोज दहा पूर्ण मतं. रोज दहा ओळी खरडून स्वतःलाच दहा मतं देणारी खाती पुढे आली. ज्यांना लिहायचाही कंटाळा होता त्यांनी आपली मतशक्ती भाड्याने दिली आणि पैसे घेऊन मत देणारे बॉट ती चालवू लागले.

आकडा सोपा आहे. रोजचा पूल १००० आणि तुमचा वाटा १ टक्का धरला तर तुमच्या मतांतून १० टोकन हलतात. स्वतःला मत दिलं तर दहाच्या दहा तुमचे. दुसऱ्याला दिलं तर लेखकाला ७५ आणि मत देणाऱ्याला २५ टक्के या जुन्या वाटणीने ढोबळ अडीच. प्रामाणिकपणाची किंमत रोज साडेसात टोकन. २०१९ च्या त्याच हार्डफोर्कने वाटणी निम्मी-निम्मी केली, तेव्हा ती किंमत ५ वर आली. लेखकांना राग आला आणि तो समजण्यासारखा होता. पण चांगलं शोधणाऱ्याला काहीच मिळणार नसेल तर शोधणारा राहत नाही, हे मला तरी पटतं. त्याच वेळी फार थोडी मतं मिळालेल्या लेखांचा वाटा सरळ रेषेच्या खाली दाबला, म्हणजे कोपऱ्यात गुपचूप स्वतःला मत देणं परवडू नये. त्यात खरे नवखे लेखकही भरडले गेले.

लवकर मत देणाऱ्याला जास्त वाटा का मिळायचा?

हेतू चांगला होता. जो आधी ओळखतो तो खरा पारखी, त्याला बक्षीस. प्रत्यक्षात ते अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी १९३६ साली शेअर बाजाराबद्दल सांगितलेल्या सौंदर्यस्पर्धेसारखं झालं. सर्वांत सुंदर चेहरा कोणता, हा प्रश्नच उरत नाही. बाकीचे कोणता निवडतील, एवढंच ताडायचं. मोठे मतदार ज्यांना नेहमी मत देतात त्या लेखकांच्या लेखावर बॉट काही सेकंदांत झेपावू लागले. फार घाई करणाऱ्याचा वाटा कापायची तरतूद होती, तिचा कालावधी आधी ३० मिनिटं, मग १५, मग ५. बॉटला काय, तो बरोबर तितकाच थांबायचा.

गणिती लेख मागे का पडतो?

मोबदल्याची खिडकी ७ दिवसांची असते. त्यानंतर मिळालेल्या मताला टोकन नाहीत. एखादं समीकरण वहीवर करून बघणारा वाचक दहाव्या दिवशी लेखाला दाद देतो, तेव्हा त्याची दाद हिशेबात येत नाही. नोदर यांच्या दुसऱ्या प्रमेयाचं महत्त्व बहुतेकांना कळायला दशकं लागली. ७ दिवसांत तो प्रबंध किती मतं गोळा करू शकला असता, याची कल्पना करवत नाही.

यावर स्टीमवर निघालेला उपाय माणसांचा होता. विज्ञानलेखन वाचणाऱ्यांनी स्टीमस्टेम नावाने गट केला, वजन एकत्र केलं आणि तपासून मत द्यायला सुरुवात केली. म्हणजे विकेंद्रित व्यवस्थेत पुन्हा संपादक आले. मला त्यात वावगं काही दिसत नाही.

२०२० मध्ये नक्की काय झालं?

फेब्रुवारीत साखळीमागची मूळ कंपनी आणि तिच्याकडचा टोकनांचा प्रचंड साठा ट्रॉन या दुसऱ्या ब्लॉकचेनच्या जस्टिन सन यांनी विकत घेतला. साठा मतदानात वापरला जाऊ नये म्हणून साखळी चालवणाऱ्या विटनेसनी तो गोठवला. २ मार्चला काही मोठ्या एक्स्चेंजनी ग्राहकांचे ठेवलेले टोकन मतदानाला लावले आणि आघाडीचे वीसही विटनेस बदलले गेले. जुन्या समूहाने २० मार्चला हाइव्ह नावाची वेगळी साखळी काढली. त्यात सगळ्यांची शिल्लक जशीच्या तशी उतरवली, तो वादग्रस्त साठा वगळून.

वीसही एकदम कसे बदलले, याचं उत्तर मतदानाच्या नियमात आहे. प्रत्येक खातं ३० विटनेसना मत देऊ शकतं आणि प्रत्येकाला पूर्ण वजनाने. वजन वाटलं जात नाही. त्यामुळे ५१ टक्केवाल्याला ५१ टक्के जागा मिळत नाहीत, सगळ्या मिळतात. मोबदल्याच्या मतांना शक्ती खर्चावी लागत होती. सत्तेच्या मतांना काहीच खर्चावं लागत नव्हतं.

टोकनांऐवजी एक माणूस, एक मत का ठेवत नाहीत?

माणूस मोजता येत नाही म्हणून. साखळीला फक्त खाती दिसतात. ब्युटेरिन, हिट्झिग आणि वाइल यांनी २०१८ साली मांडलेल्या वर्गीय निधीत (देणग्यांवरून एखाद्या कामाला किती निधी द्यायचा, हे ठरवण्याच्या पद्धतीत) प्रत्येकाच्या देणगीचं वर्गमूळ घेऊन बेरीज करतात आणि तिचा वर्ग करतात. शंभर जणांनी १ रुपया दिला तर १०,०००, एकानेच १०० दिले तर १००. व्यापक पाठिंब्याला मान देणारं सुंदर सूत्र आहे. पण तोच एकटा शंभर खोटी खाती उघडू शकला तर १०० चे १०,००० झाले. म्हणून असं सूत्र वापरणाऱ्या प्रत्येकाला ओळख पटवण्याची काहीतरी सोय करावीच लागते, आणि ती सोय कोण चालवणार, इथे केंद्र परत येतं.

दोन्ही विषयांतलं साम्य कुठे संपतं?

लवकरच. रिवॉर्ड पूल अक्षय्य आहे, कारण तसा कोड आहे. २१ पैकी १७ विटनेसनी मान्य केलं की नियम बदलतो. स्टीमवर तो अनेकदा बदलला. गुरुत्वाकर्षणात एडीएम वस्तुमान बदलायला कुठलीही बैठक पुरत नाही. साम्य आहे ते इतकंच की दोन्हीकडे बेरीज आधी येते आणि वाटणी नंतर. एखाद्या लेखाची "खरी" किंमत किती, हा प्रश्न मला आता एखाद्या बिंदूवरच्या गुरुत्वीय ऊर्जेच्या प्रश्नासारखा वाटतो. निर्देशांक कुठले निवडले, ते आधी सांगा.

आज हाइव्हवर मत द्यायचं तर घाई करावी का?

नाही. जून २०२१ च्या हार्डफोर्कनंतर पहिल्या २४ तासांतली सगळी मतं सारखीच धरली जातात, त्यानंतर वाटा कमी होत जातो. लेख आधी वाचून काढा, एक दिवस हातात आहे.